तंत्रलेखकाची निवड : मुलाखतीला चाचणीची जोड

सॉफ्टवेअर, वैद्यकीय उपकरणे वा यंत्रसामग्री यांच्या वापराच्या सूचना लिहिणारा टेक्निकल रायटर, अर्थात तंत्रलेखक, निवडताना अनेक कंपन्या आजही केवळ मुलाखतीवर विसंबतात. त्यात सफाईदार बोलणारा बाजी मारतो. लिहिणारा तोच असेल असे नाही. जुन्या कामाचे नमुनेही फसवे ठरतात. त्यांवर संपादकाचा हात फिरलेला असतो आणि उत्तम काम गोपनीयतेच्या करारामुळे पुष्कळदा दाखवताच येत नाही.

प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याच्या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात अशा चाचणीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध ०.५४, तर मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा ०.३८ आढळला. सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या फेरतपासणीत हे आकडे ०.३३ आणि ०.१९ असे खाली आले. सर्वांना तेच प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत ०.४२ सह अग्रस्थानी राहिली. म्हणजे चाचणी ही मुलाखतीची जागा घेणारी नव्हे, तिला पूरक होय.

चाचणी कशाची घ्यावी, येथेच बहुतेकांची गफलत होते. व्याकरणाचे पन्नास प्रश्न हा सोपा मार्ग. पण व्याकरणाच्या चुका संपादक दुरुस्त करू शकतो. त्याऐवजी मुद्दाम बिघडवलेला मजकूर द्यावा. उदाहरणार्थ : 'यंत्राचे झाकण उघडा. पट्टा बदला. झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.' सूचना वाचत वाचत काम करणाऱ्या माणसाचा हात तिसऱ्या वाक्यापूर्वीच यंत्रात गेलेला असतो! जो उमेदवार हे वाक्य आधी आणतो, त्याने वाचकाचा विचार केला. जो केवळ 'उघडा' आणि 'करावा' यांची रूपे जुळवतो, त्याने शुद्धलेखन तपासले. विमान उद्योगासाठी विकसित झालेल्या एएसडी-एसटीई१०० या इंग्रजी लेखनाच्या मानकात कृतीच्या सूचनेला २० शब्दांची मर्यादा आहे. तसा एखादा नियम देऊन परिच्छेद पुन्हा लिहायला सांगता येतो. एखादा आवश्यक तपशील मुद्दाम गाळावा. उमेदवार तो विचारतो की मनाने भरतो, यातून बरेच काही कळते.

चाचणी तासाभराची असावी. कंपनीचे रखडलेले काम 'चाचणी' म्हणून करून घेणे ही उघड पिळवणूक आहे. दीर्घ काम द्यायचेच असेल, तर त्याचा मोबदला द्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी असल्याने घरून लिहून आणलेल्या मजकुरावरून आता लेखकाची पारख होत नाही. गुणांचे निकष आधीच ठरवावेत, उत्तरपत्रिका नावाविना दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात. त्यानंतर उमेदवारासमोर त्याचीच उत्तरपत्रिका ठेवून पंधरा मिनिटे बोलावे : हे वाक्य का वगळले, हा क्रम का बदलला, आणि यंत्र जाणणारा अभियंता समोर असता तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला असता?