नव्या गुरूच्या दारी

हैदराबादच्या वसाहतींतून हिंडताना नृत्यवर्गांचे फलक पावलोपावली दिसतात. कुचिपुडी, भरतनाट्यम्, कथक यांच्या जोडीला चित्रपटनृत्य आणि अरबी धर्तीचे उदरनृत्यही शिकवले जाते. मुलीला वर्गात घालणारे पालक शुल्क विचारतात, वेळ विचारतात, परीक्षा कोणती तेही विचारतात. नव्या शिक्षकाकडे पहिले सहा महिने कसे जातील, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जी मुलगी दुसरीकडे चार वर्षे शिकून आलेली असते, तिच्या बाबतीत तर हाच प्रश्न महत्त्वाचा. त्याचे उत्तर या शहराच्या नृत्येतिहासात पुष्कळसे सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुरुशिष्य म्हटले की गुरूच्या घरी पाणी भरणारा शिष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. आसफजाही हैदराबादेत चित्र उलटे होते. माहलका बाई चंदा (१७६८–१८२४) ही निजाम अली खानाच्या दरबारातील कवयित्री, गायिका आणि नर्तकी. स्वतःचा उर्दू दीवान सिद्ध करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत तिची गणना होते. दिल्लीच्या कलावंत परंपरेतले खुशहाल खाँ ‘अनूप’ तिचे संगीतातले उस्ताद. पण जहागीर तिच्याकडे होती आणि आश्रयदातीही तीच. पुढे तिने आपल्या हवेलीत अनेक मुलींना नृत्यगायनाचे शिक्षण दिले. मौला अली टेकडीच्या पायथ्याशी तिची कबर आहे. शुल्क देऊन शिकणे ही आजच्या काळाची घसरण आहे असे जे म्हणतात, त्यांनी तेथे एकदा जाऊन यावे. पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो यावर विद्या ठरत नाही. विद्येपुरते कोण कोणापुढे वाकतो, यावर ती ठरते.

हे वाकणे शिकून आलेल्याला अधिक जड जाते. मराठी वाचकांना रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांचे उदाहरण जवळचे वाटेल. त्यांनी आरंभी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम् शिकले, मग सोहनलाल यांच्याकडे जयपूर घराण्याचे कथक घेतले. १९४७ मध्ये त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली, आणि त्यानंतरही अनेक वर्षे त्या लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापुढे शिष्या म्हणून उभ्या राहिल्या. कल्याणपूरकरांनी स्वतः जयपूरचे सुंदरप्रसाद आणि लखनौचे शंभू महाराज अशा दोघांकडून विद्या घेतलेली. स्वतःच्या संस्थेत ‘बाई’ असलेल्या व्यक्तीने दुसऱ्या दिवशी पुन्हा तत्कार करायला उभे राहावे, यात काय द्यावे लागते याचा विचार ज्याने त्याने करावा. जयपूरचा भर पदन्यासावर आणि लयकारीवर, लखनौचा भावावर आणि नजाकतीवर. आधीचे सोडायचे नाही, पण ते नव्याच्या आड येऊ द्यायचे नाही. ही कसरत बुद्धीला लवकर कळते. शरीर मात्र मागून येते.

शरीर मागून येते म्हणजे काय, हे प्रत्यक्ष वर्गात पाहावे. कथकात देह सरळ उभा, गुडघे ताठ. कुचिपुडीत आणि भरतनाट्यम् मध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धे बसायचे. कथककडून तिकडे गेलेल्या मुलीच्या मांड्या पहिले काही आठवडे रडतात आणि लक्ष जरा हलले की गुडघे आपोआप सरळ होतात. दाक्षिणात्य वर्गात शिक्षक लाकडी फळीवर काठीने ताल देतात. तबल्याला सरावलेल्या कानाला तो ठोका प्रथम कोरडा वाटतो. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी फारसे काही शिकवीत नाही. तो नव्या मुलीला येते ते करायला सांगतो आणि बघत बसतो. पालकांना वाटते, वेळ फुकट गेला. वास्तविक मुलीचे आधीचे शिक्षण तो त्या वेळी वाचीत असतो.

आता या शहराच्या मुख्य कथेकडे वळू. नटराज रामकृष्ण (१९२३–२०११) यांना ‘नटराज’ ही पदवी अठराव्या वर्षी मिळाली ती आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्यात, हे मराठी माणसांना क्वचितच ठाऊक असते. तंजावरच्या परंपरेतले मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै आणि कुचिपुडीचे वेदांतम् लक्ष्मीनारायण शास्त्री हे त्यांचे गुरू. एवढ्या शिदोरीवर कोणीही स्वस्थ बसला असता. हे गृहस्थ मात्र आंध्रातल्या वृद्ध कलावंतुलु स्त्रियांच्या दारी गेले. नायुडुपेटा राजम्मा आणि पेंडेल सत्यभामा या त्यांच्या त्या गुरू.

‘कलावंतुलु’ हा शब्द मराठी कानाला परका नाही. गोव्यातील ‘कलावंत’ समाजाचा इतिहास आठवला की पुढचे सांगावे लागत नाही. मंदिरात आणि जमीनदारांच्या दरबारात नृत्य सांभाळणाऱ्या या स्त्रिया. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद झाली. ते योग्यच झाले, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्याच कायद्याने मंदिराच्या आवारात आणि देवाच्या मिरवणुकीत स्त्रियांनी नाचणेही बेकायदा ठरवले. सरकारी नोकरीत जन्म घालवल्यामुळे आम्हाला हे कलम वाचताना मसुदा करणाऱ्याचा हात दिसतो. शोषण कोठे संपते आणि विद्या कोठे सुरू होते, ही रेघ कागदावर ओढणे अवघड असते. मग दोन्ही एकाच कलमात बांधून मोकळे व्हावे. पीठापुरमच्या कुंतीमाधव मंदिरात नऊ रात्री चालणारे ‘नवजनार्दन पारिजातम्’ अशा विद्येचाच भाग होते, आणि पेंडेल सत्यभामा त्याच्या जाणकार होत्या.

अशा गुरूकडे शिकायला गेलेल्याने कशाची अपेक्षा ठेवावी? येथे फळीवरचा ठोका नाही, वर्गाची वेळ नाही. क्षेत्रय्याच्या पदावरचा अभिनय बसल्या जागीही होतो. डोळा, भुवई, मान आणि हात यांतच सगळा व्यवहार. एका ओळीचा अर्थ परत परत, दर वेळी वेगळ्या भावाने दाखवायचा. पुरुषाने तो स्त्रीकडून, आणि स्त्रीच्या भूमिकेसाठी घ्यायचा. शिवाय गुरूलाच शिष्याची भीती असते. ज्या विद्येमुळे समाजाने नाक मुरडले, ती विचारायला आलेला हा तरुण आदराने आला आहे की चौकशीला, हे तिने कसे ओळखावे? नवा शिष्य गुरूला पारखून घेतो असे आपण म्हणतो. येथे पारख दोन्ही बाजूंनी होती, आणि शिष्याची अधिक कडक होती असे आम्हाला वाटते.

१९७० मध्ये रामकृष्णांनी हैदराबादेत ‘अभिनय सदस्सु’ भरवून या वृद्ध कलावतींना पुन्हा रंगमंचावर आणले. या नृत्याला ‘आंध्रनाट्यम्’ हे नाव रूढ झाले. त्यांचे शिष्य कला कृष्ण यांनी सत्यभामेची स्त्रीभूमिका आपलीशी केली आणि नवजनार्दनाची परंपरा पुढच्या पिढीकडे नेली.

रामकृष्णांनी आणखी एक गुरू केला, तो दगडाचा. पालमपेटचे रामप्पा मंदिर १२१३ चे. काकतीय सेनानी जाय याचा ‘नृत्तरत्नावली’ हा संस्कृत ग्रंथ तेराव्या शतकाच्या मध्याचा. मंदिरावरच्या नर्तकमूर्ती आणि हा ग्रंथ यांच्या आधारे त्यांनी ‘पेरिणी शिवतांडव’ हे योद्ध्यांचे नृत्य उभे केले आणि १९८५ च्या महाशिवरात्रीला रामप्पाच्या प्रांगणात सादर केले. काम थोर आहे. तरी आमचे मन पेरिणीपेक्षा आंध्रनाट्यम् कडे ओढ घेते. मूर्ती एक क्षण दाखवते. त्याच्या आधीचे पाऊल आणि नंतरचे पाऊल शिष्यालाच रचावे लागते, आणि ते चुकले तरी मूर्ती काही बोलत नाही. राजम्मा बोलत असणार. पुढे तेलंगण राज्यात पेरिणीला मानाचे स्थान मिळाले. कलावंतुलु स्त्रियांची नावे मात्र जाणकारांपुरतीच राहिली.

हैदराबादेत अनेक वर्गांत नवे विद्यार्थी विजयादशमीला घेतले जातात. पहिल्या दिवशी नमस्कार शिकवतात. पायांत चाळ बांधीत नाहीत. ते बरेच पुढे, गुरूला पाय तयार वाटले की ‘गज्जेपूजा’ करून बांधले जातात. त्या दिवशी नातेवाईक येतात, छायाचित्रे निघतात, मुलीला रेशमी वस्त्रे देतात. हाच विधी याच नावाने कलावंतुलु घरांतही होत असे.