बालमार्गदर्शन केंद्र ते जिल्हा कार्यक्रम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील बालमार्गदर्शनाचे संघटित कार्य मनोरुग्णालयात नव्हे, तर समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेत रुजले, ही बाब लक्षणीय आहे. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलाच्या वर्तनसमस्येचा विचार घर, शाळा व परिसर यांच्या संदर्भात करावा, ही दृष्टी त्यामागे होती. पुढे १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मानसोपचार प्राथमिक आरोग्यसेवेशी जोडण्याचे धोरण स्वीकारले; बेल्लारी येथील प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम आकारास आला. मात्र त्याचा भर मुख्यतः तीव्र आजार व औषधोपचार यांवर राहिला आणि बालक व कुटुंब मागे पडले. म्हणूनच पालक, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांचा सहभाग हा नवा उपाय नसून १९३७ च्या सूत्राचे पुनरुज्जीवन होय.