गहाणाची वही कुणाच्या हाती?

सोने तारण कर्जाच्या व्यवहारांची इलेक्ट्रॉनिक नोंद आणि त्यावरचे नियम हा विषय अगदी नवा वाटतो. पण आपल्या पुणे जिल्ह्यात या प्रश्नावर दीडशे वर्षांपूर्वी रान पेटले होते. लोणी काळभोरचे लोक ज्या सोलापूर रस्त्याने रोज ये-जा करतात, त्याच्या पूर्वेकडच्या भागातच ते घडले.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, त्यात सरकारने सारा वाढवला होता, आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. आपण या घटनेला 'दख्खनचे दंगे' म्हणतो. दंगेखोरांना सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्याकडचे कागद हवे होते. कर्जरोखे आणि खतं मिळाली की ती जाळायची, एवढाच बहुतेक ठिकाणी उद्देश होता. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही एक गोष्ट कळत होती: आपला अंगठा कशावर उठला हे फक्त सावकाराला माहीत आहे आणि कोर्ट त्याच कागदावर विश्वास ठेवते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत तो लागू झाला. त्यात ग्रामनिबंधकाची तरतूद होती. शेतकऱ्याचा कर्जरोखा त्याच्यासमोर लिहिला गेला पाहिजे, पैसे फेडल्यावर पावती मिळाली पाहिजे, हिशेब मागितला तर दिला पाहिजे, असे बंधन आले. न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. आजच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार तिसऱ्या माणसाच्या वहीत चढवण्याची ती सुरुवात होती.

पण पळवाटही निघाली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि "पैसे दिलेस की जमीन परत" असे तोंडी सांगायचे. कागदावर विक्री, मनात गहाण! ही युक्ती अजून जिवंत आहे. म्हणूनच महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये सावकारीपोटी बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या निबंधकाला दिलेला आहे. त्याआधी १९४६ चा मुंबई सावकार कायदा होता. आजच्या कायद्यानुसार परवाना लागतो, हिशेब ठेवावा लागतो, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नोंद असूनही माणूस कसा अडकतो, हे २०१५ ने दाखवले. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडचे कर्ज फेडायचे सरकारने ठरवले. पण सावकाराने परवान्याच्या कार्यक्षेत्राबाहेर दिलेली कर्जे वगळली गेली. चूक सावकाराची, दागिना अडकला शेतकऱ्याचा. ही अट पुढे सरकारला शिथिल करावी लागली.

आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. बँका आणि वित्त कंपन्या प्रत्येक कर्जाची माहिती पतमाहिती कंपन्यांना पाठवतात. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाचे नवे नियम काढले. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत करायचा, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. चांगले आहे. पण हे नियम गल्लीतल्या चिठ्ठीवरच्या सावकाराला लागू नाहीत. आणि बँक ज्याला दारात उभे करत नाही, तो त्याच चिठ्ठीकडे जातो.

इथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो. मुस्लिमबहुल वस्त्यांना काही बँका कर्जासाठी नकोशा मानतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले. व्याज हराम म्हणून आपण बँकेपासून दूर राहतो आणि अडीनडीला त्याहून जबर व्याजाचा सावकार गाठतो. खरे तर कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हेच सांगते. लिहायचे काय, तेही कर्जदाराने सांगायचे. त्यापुढची आयत गहाणाची आहे. प्रेषितांनी (स.) स्वतः मदिनेतल्या एका यहुदी व्यक्तीकडे आपले चिलखत गहाण ठेवून धान्य घेतले होते, हे हदीसमध्ये आहे. म्हणजे गहाण ठेवण्यात लाज नाही, पण लिखाण न करण्यात धोका आहे.

घरातला दागिना बहुधा बाईचा असतो आणि पावती मात्र नवऱ्याच्या नावावर. मेहेरचे सोनेसुद्धा असेच जाते. त्यामुळे मला वाटते, आपल्या बचत गटांनी आणि मशिदींच्या कमिट्यांनी तीन साध्या गोष्टी लोकांना सांगाव्यात. सावकाराचा परवाना आधी पाहा. ज्याचा दागिना त्याच्या नावाची, वजन लिहिलेली पावती घ्या. आणि फसवणूक झाली तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे लेखी तक्रार करा. लोणी काळभोरचे पोलीस ठाणे २०२१ मध्ये पुणे शहर आयुक्तालयात आले, पण सावकारीची चौकशी आजही सहकार खात्याकडेच असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

१८७५ मध्ये लोकांनी कागद जाळले, कारण तो त्यांचा नव्हता. संगणकावरची नोंदही कर्जदाराला त्याच्या भाषेत वाचता आली नाही, तर ती पुन्हा सावकाराचीच वही ठरेल.