पवनचक्की, पाणचक्की आणि जाते

‘पवनचक्की’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हॉलंडमधील चार पात्यांचे यंत्र उभे राहते, किंवा सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील वीजनिर्मितीचे मनोरे. या मनोऱ्यांत काहीच दळले जात नाही, तरी नाव चक्कीचेच! हॉलंडमध्येही किंडरडाइक येथे इ. स. १७४० च्या सुमारास उभारलेल्या पवनचक्क्या सखल भूमीतील पाणी उपसण्यासाठीच होत्या. नावावरून वस्तूचे कूळ ठरविण्याची घाई आपल्याकडे फार होते, म्हणून हा प्रपंच.

डच चक्कीची पाती जवळजवळ आडव्या आसावर फिरतात. दळणाचा दगड मात्र उभ्या आसाभोवती फिरावयास हवा. यास्तव लाकडी दात्यांच्या मोठ्या चक्रात लहान चक्र अडकवून गतीची दिशा काटकोनात वळवावी लागते. शिवाय वारा दिशा बदलतो. प्रारंभीच्या प्रकारात सबंध चक्कीघरच एका जाड खांबाभोवती फिरवीत. पुढे केवळ माथ्यावरील टोपी फिरविली की भागू लागले.

याउलट छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची पाणचक्की पाहावी. डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीवर चढवून खाली सोडलेले आहे. त्या पाण्याच्या जोराने तळाचे पात्यांचे चाक आडवे फिरते व त्याच उभ्या आसावर वरचा दगडही फिरतो. मध्ये दंतचक्र नाही. इराणातील सीस्तानच्या जुन्या पवनचक्क्यांची रचनाही अशीच, उभ्या आसाची. अर्थात रचनेच्या दृष्टीने आपली पाणचक्की सीस्तानच्या पवनचक्कीची आप्त ठरते. डच पवनचक्की नावाने जवळची असूनही दूरची.

शब्दांची साक्ष आणखी निराळी. ‘चक्की’ हे नाव चक्राचे, म्हणजे गतीचे. ‘जाते’ मात्र संस्कृत ‘यंत्र’ या शब्दापासून आलेले. ‘जंत’ हे त्याचे प्राकृत रूप. ज्या घरगुती वस्तूस आपण यंत्र म्हणून गणतही नाही, तिच्याच नावात ‘यंत्र’ दडलेले असावे, ही मौजच!

वाशीम जिल्ह्यात बोलीसंग्रहास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच खुंटा, तळी, वैरण, टाकी लावणे एवढे शब्द टिपून परतू नये. विजेच्या गिरणीने जाते अडगळीत गेले आहे. ते बाहेर काढवून, दोन्ही तळ्या वेगळ्या करून, कोणता शब्द कोणत्या भागास लागतो हे हात लावून विचारावे. उत्तर देणाऱ्या आजीबाई आता थोड्याच उरल्या आहेत.