कॅरिबूंचे माहेर

आपल्याकडे लेक बाळंतपणासाठी माहेरी येते. कॅनडाच्या उत्तरेकडील वृक्षहीन प्रदेशातील कॅरिबू नावाच्या हरिणांच्या माद्याही दरवर्षी शेकडो मैल चालून आपल्या ठरावीक माळांवर जातात आणि जूनच्या सुमारास तेथे वितात. त्या माळांवर लांडग्यांचे भय तुलनेने कमी असते. परंतु पाडसे कोवळी आणि माता बुजऱ्या, त्यामुळे सखल उडणाऱ्या विमानाची घरघरही त्यांना बाधते.

या कळपांवर बेकर लेक गावच्या इनुइट लोकांचा निर्वाह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९५७-५८ च्या हिवाळ्यात कॅरिबू मिळाले नाहीत, तेव्हा गॅरी लेकच्या परिसरात माणसे उपासमारीने दगावली. तेथे हरिणाचे रक्षण म्हणजे अन्नाचेच रक्षण होय.

१९७० नंतरच्या दशकात युरेनियमच्या शोधार्थ कंपन्या तेथे उतरल्या, तेव्हा गावाने न्यायालयात धाव घेतली. १९७९ मध्ये न्यायमूर्ती महोनी यांनी इनुइटांचा शिकारीचा परंपरागत हक्क मान्य केला. मात्र खनिजशोध थांबविण्यास नकार दिला. हक्क पदरी पडला, संरक्षण पडले नाही.

तरीही गाव स्वस्थ बसले नाही. किगाविक येथे युरेनियमची खाण काढण्याची एका जर्मन कंपनीची योजना १९९० मध्ये ग्रामस्थांच्या मतास टाकली गेली, तेव्हा शंभरांतील नव्वद मते विरुद्ध पडली. पुढे अरेवा या फ्रेंच कंपनीने तीच योजना हाती घेतली. तोवर १९९३ च्या भूमिकराराने इनुइटांना परीक्षण मंडळात स्थान मिळाले होते. २०१५ मध्ये या मंडळाने योजनेस प्रतिकूल शिफारस केली. काम केव्हा सुरू होईल हे कंपनीला सांगता येईना. मग त्याचे परिणाम तरी कसे जोखावेत, असा मंडळाचा प्रश्न होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती शिफारस स्वीकारली.

हे लोक खाणींचे सरसकट वैरी नव्हेत. गावाच्या उत्तरेस २०१० मध्ये सुरू झालेल्या मेडोबँकच्या सोन्याच्या खाणीत त्यांच्यापैकी अनेकांनी काम केले. काही जागा मात्र अस्पर्श राहाव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेजारच्या बाथर्स्ट कळपात १९८६ साली सुमारे ४,७०,००० कॅरिबू होते. २०२१ साली सुमारे ६,२०० उरले. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. सारा दोष खाणींच्या माथी मारता येत नाही. तथापि इतक्या खालावलेल्या कळपाला आणखी एक आघात सोसणार नाही, हेही तितकेच खरे. खनिज भूमीत शंभर वर्षे राहिले तरी नासत नाही. पाडसाला मात्र जूनचे ते थोडेच दिवस असतात.