पटपडगंज : घराशेजारचं रणांगण

गेल्या भागानंतर अनेकांनी विचारलं, की तुम्ही दिल्लीत राहता, तर दिल्लीवर कधी बोलणार? म्हणून आज अगदी माझ्या घराशेजारच्या जागेबद्दल बोलतो.

मी मयूर विहार फेज वनमध्ये राहतो. निवृत्तीनंतर इथेच स्थिरावलो. दर जानेवारीत महाराष्ट्रातून कोणी ना कोणी पाहुणा येतो आणि आमची गाडी पानिपतला निघते. काळा आंब झाला, की परतताना बुराडी. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे तिथे पडले, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मागच्या खेपेला माझा पुतण्या आला होता. परतीच्या वाटेवर त्याने सहज विचारलं, "काका, तुमच्या मयूर विहारात काही घडलं नाही का?"

म्हटलं, "घडलं ना. पण ते बघायला कोणी येत नाही."

आमच्या घरापासून पटपडगंज चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज तिथे सोसायट्या, शाळा, बाजार, रिक्षांची गर्दी. या पट्ट्यात, यमुना आणि हिंडण या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर, ११ सप्टेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांची फौज आणि जनरल लेकची इंग्रज फौज एकमेकांना भिडल्या. इतिहासाच्या पुस्तकांत ही 'दिल्लीची लढाई'. शिंद्यांकडे दिल्ली आली ती पाटीलबावांमुळे, म्हणजे महादजींमुळे. १७७१ पासून, मधला काही काळ सोडला, तर या शहरावर मराठ्यांचा वचक होता. तो त्या एका दिवसात संपला.

या लढाईची खूण नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे. माझा एक कोर्समेट तिथला सभासद आहे. त्याला गळ घातली आणि गेल्या वर्षी बरोबर ११ सप्टेंबरला सकाळी आम्ही दोघे गेलो. मेट्रोने मयूर विहारहून काही स्टेशनांचाच प्रवास. आत हिरवीगार कापलेली गवतं, लोक शांतपणे खेळताहेत, आणि मध्येच भोवती चर खणलेला एक दगडी स्तंभ. इंग्रजांनी तो १९१६ मध्ये उभारला. म्हणजे विजयानंतर एकशेतेरा वर्षांनी त्यांना या जागेची आठवण ठेवावीशी वाटली. स्तंभावर लढाईची तारीख आहे आणि दोन सेनापतींची नावं. एक जनरल लेक. दुसरा लुई बुर्किन. मराठ्यांचा सेनापती म्हणून कोरलेलं नाव एका फ्रेंच माणसाचं आहे. मी ते दोनदा वाचलं. कोर्समेट पंजाबचा. तो म्हणाला, "तुमचा माणूस कुठे आहे यात?"

त्याला उत्तर द्यायचं तर पटपडगंजहून सुमारे चौदाशे किलोमीटर दक्षिणेला, हडपसरला जावं लागतं. तेही या लढाईच्या साडेदहा महिने आधी.

१७९४ मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतराव गादीवर आले तेव्हा अगदीच कोवळे होते. १७९७ मध्ये तुकोजी होळकर गेले. लगेच वारशाचा वाद पेटला आणि दौलतरावांच्या फौजेने पुण्यात मल्हारराव होळकरांना मारलं. १८०१ च्या एप्रिलमध्ये विठोजी होळकरांना बाजीरावांच्या हुकमाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. विठोजी हे यशवंतरावांचे सख्खे भाऊ. त्याच वर्षी यशवंतरावांनी शिंद्यांच्या फौजेला उज्जैनजवळ झोडपलं, तर शिंद्यांच्या माणसांनी इंदूर लुटलं. अखेर २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला पेशवे आणि शिंदे एका बाजूला, होळकर दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. होळकर जिंकले. बाजीराव पुणं सोडून पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसले. पुढच्या मे महिन्यात इंग्रजी संगिनींच्या बंदोबस्तात ते पुण्याला परतले.

आपण याला भाऊबंदकी म्हणतो. शब्द घरगुती आहे, त्यामुळे बांधावरून चाललेल्या भांडणासारखं काही तरी वाटतं. तोफा, पलटणी, जाळलेली गावं आणि दोन्हीकडे एकाच राज्याची माणसं, याला जगात सगळीकडे यादवी युद्ध म्हणतात.

आता उत्तरेकडे या. इंग्रजांशी युद्ध सुरू झालं ते ऑगस्ट १८०३ मध्ये. दौलतराव आणि नागपूरकर भोसले एकत्र आले. यशवंतरावांना सोबत घेण्याची बोलणी झाली, पण ते माळव्याकडे निघून गेले. दौलतराव स्वतः दक्षिणेत अडकलेले. दिल्लीकडची त्यांची कवायती पलटण पेरों नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती होती. लेक कानपूरहून निघाला. ४ सप्टेंबरला त्याने अलीगढचा किल्ला घेतला. किल्ल्याच्या दरवाज्याची वाट दाखवायला ल्यूकन नावाचा इंग्रज होता, जो काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांच्याच नोकरीत होता. पेरों तर आपली जमवलेली माया घेऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. उरलेल्या फौजेचा ताबा बुर्किनकडे आला.

म्हणजे विचार करा. पलटणीचा सर्वात वरचा अधिकारी शत्रूकडे निघून गेलाय. बरेच गोरे अधिकारी सोडून गेलेत. मालक शेकडो कोस दूर. आणि खालचा शिपाई तोफेपाशी उभा आहे. फौजेत मी तीस वर्षांहून जास्त काढली. अशा पलटणीत सकाळी काय वातावरण असेल, याचा अंदाज मला येतो.

१० सप्टेंबरच्या रात्री बुर्किन यमुना उतरून अलीकडे आला. त्याने जागा चांगली निवडली होती. थोडी उंच जमीन, दोन्ही बाजूंना दलदल, समोर तोफा आणि खंदक. यमुनेच्या खादरात आज भाजीची शेतं आहेत. पावसाळ्याच्या शेवटी तिथून चालून बघा, म्हणजे दलदल काय असते ते कळेल. लेकची माणसं अठरा मैल चालून आली होती, उकाड्याने बेजार. तंबू ठोकायला सुरुवात झाली आणि मराठ्यांची फौज दिसली. लेककडे सुमारे साडेचार हजार माणसं. बुर्किनकडे त्याच्या कितीतरी पट.

लेक घोडदळ घेऊन पुढे गेला, तोफांचा मारा खाल्ला, त्याचा घोडा त्याच्याखाली मारला गेला. मग त्याने घोडदळ मागे घेतलं. मराठ्यांना वाटलं इंग्रज पळताहेत. ते आपली मजबूत जागा सोडून, तोफा ओढत, पुढे सरसावले. उंच गवताआड इंग्रजांचं पायदळ येत होतं. घोडदळ दोन्ही बाजूंना फाकलं आणि पायदळ समोर उभं राहिलं. अकादमीत पहिल्या वर्षी शिकवतात की शत्रू मागे सरला म्हणून बचावाची जागा सोडू नये. तिथे ती सुटली. तरी गोलंदाज हलले नाहीत. अगदी जवळून छर्ऱ्यांचा मारा झाला. इंग्रज संगिनी घेऊन तोफांपर्यंत पोचले, मागून घोडदळ आलं, आणि फौज नदीकडे लोटली गेली. कित्येक यमुनेत बुडाले. ६८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान. मराठ्यांची हानी त्यांच्या अंदाजाने तीन हजारांच्या आसपास.

हे तीन हजार कोण होते? शिंद्यांच्या या पलटणींतले बहुतेक शिपाई अवध, रोहिलखंड, दुआब या भागातले होते. आणि लेकच्या बंगाल पलटणींतले शिपाई? तेही अवध आणि बिहारकडचेच. एकाच मुलुखातले लोक, कदाचित एकाच गावचे, वेगवेगळ्या पगारावर समोरासमोर उभे होते. लढाईनंतर पेरोंच्या घोडदळातले पुष्कळ स्वार इंग्रजांकडे आले. ते जेम्स स्किनरच्या हाताखाली दिले गेले. स्किनरही त्याआधी शिंद्यांच्याच नोकरीत होता. ती स्किनर्स हॉर्स आजही आपल्या भारतीय सैन्यात आहे, घोड्यांऐवजी रणगाडे घेऊन. त्या रेजिमेंटचे अधिकारी माझे मित्र आहेत.

लढाईनंतर तीन दिवसांत बुर्किन शरण आला. १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात आंधळ्या शाह आलमला भेटला. वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

एक गोष्ट राहिली. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकर याच दिल्लीवर चालून आले. आठवडाभर शहराला वेढा दिला, तोफा डागल्या. आत ऑक्टरलोनी टिकून राहिला, आणि लेक येतोय म्हटल्यावर होळकरांना वेढा उठवावा लागला. तेव्हा दौलतराव तहाने बांधलेले होते. १८०३ मध्ये शिंदे लढले तेव्हा होळकर दूर होते. १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा शिंदे दूर होते. दोन्ही फौजा याच शहरापाशी आल्या, तेरा महिन्यांच्या अंतराने. एकत्र आल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी सांगणार नाही, कोणालाच सांगता येणार नाही. पण कंपनी हरली असती की नाही यापेक्षा मला टोचतं ते हे, की तसा प्रयत्न करून बघायची संधीच आपण हडपसरला गमावली.

कंपनी कमांडर असताना मला एकदा एका जवानाच्या घरी पत्र लिहावं लागलं होतं. रात्रभर बसून चार ओळी लिहिल्या. त्याच्या वडिलांनी ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, हे पुढे त्यांच्या गावी गेलो तेव्हा पाहिलं. त्यात फक्त नाव, तारीख, जागा आणि तो कसा लढला एवढंच होतं. त्या बापाला तेवढं पुरलं.

पटपडगंजच्या गोलंदाजांच्या घरी असं काही कोणी लिहिलं नसेल. लिहिणारा अधिकारीच उरला नव्हता. आपल्या राज्यासाठी लढलेल्यांसाठी स्तंभ उभारायचं आपल्यालाही सुचलं नाही. ते काम शत्रूने केलं, त्याच्या पद्धतीने.

स्तंभापाशी आम्ही दहा-पंधरा मिनिटं उभे होतो. तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं. चेंडू येत होता. आम्ही बाजूला झालो. खेळणाऱ्या गृहस्थांनी हात वर करून माफी मागितली आणि विचारलं, "हे काय आहे इथे? रोज बघतो." मी त्यांना सगळं सांगितलं, हडपसरपासून. ते ऐकत राहिले, त्यांचा खेळ थांबला.

पुतण्याला फोन करून सांगितलंय. पुढच्या जानेवारीत आला, की पानिपतला जाण्याआधी एक सकाळ इथे. तुम्ही दिल्लीला आलात तर तुम्हीही या. पटपडगंजच्या एखाद्या चौकात उभं राहून यमुनेकडे तोंड करा आणि त्या तीन हजारांसाठी मिनिटभर थांबा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.