हृदयविफलतेतील स्वयंकाळजी व मोबाईल ॲप (गोसीखुर्द परिसर)

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची किंवा आत भरून घेण्याची ताकद घटली की फुप्फुसांत, पायांत व पोटात पाणी साठते, दम लागतो, थकवा येतो. ही अवस्था म्हणजे हृदयविफलता. दवाखान्याबाहेर लोक ‘पंपिंग कमी झालंय’ म्हणतात. हृदयविकाराचा झटका हा वेगळा प्रकार असला तरी तो या अवस्थेचे एक मोठे कारण आहे. वर्षानुवर्षे न सांभाळलेला रक्तदाब आणि संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा ही इतर कारणे. आजार सहसा समूळ जात नाही, पण गोळ्या, मीठ आणि वजन यांवर रोज लक्ष ठेवले तर पुष्कळदा आटोक्यात राहतो. रुग्णाने व घरच्यांनी घ्यायच्या या काळजीला मोबाईलवरील ॲपची जोड देता येते.

गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील वैनगंगेकाठचे गाव. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या धरणामुळे ते राज्यभर माहीत झाले. धरणाने उठवलेली अनेक गावे आता नव्या गावठाणांत वसली आहेत. ग्रामीण रुग्णालय पवनीला, जिल्हा सामान्य रुग्णालय भंडाऱ्याला आणि हृदयरोगतज्ज्ञांसाठी बहुतेकांची धाव नागपूरला. तपासणीच्या दोन तारखांमध्ये रुग्ण घरीच असतो आणि पाणी साठू लागते तेही याच काळात.

म्हणून वजनकाटा हे या देखभालीतले पहिले साधन. सकाळी लघवी-शौच झाल्यावर, चहापूर्वी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करायचे. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर काटा चुकतो. तो फरशीच्या सपाट तुकड्यावर ठेवावा. समजा सोमवारी ५८.४ किलो भरले आणि गुरुवारी ६०.६. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली, तर ती चरबीची नव्हे, पाण्याची समजावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आकडा टाकला की चढता आलेख दाखवणे आणि इशारा देणे हे ॲपचे खरे काम. गोळ्यांची आठवण, पायांवरील सूज, रात्री किती उशा लागल्या, या नोंदी त्याच्या जोडीला येतात. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपच्या नादी मात्र लागू नये. त्यासाठी दंडाला पट्टा बांधणारे यंत्रच हवे.

बाहेरून आणलेल्या ॲपला इथले ताट आणि इथले काम कळत नाही. भातासोबतचे लोणचे, पापड, सांडगी मिरची यांतून मीठ नकळत पोटात जाते. ‘कमी सोडियमचे’ मीठ त्यावर उपाय वाटते, पण त्यात पोटॅशियम असते. काही हृदयरुग्णांच्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेले असते, तेव्हा विचारल्याशिवाय ते घेऊ नये. रोवणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणली जाते. तिने शरीरात मीठपाणी अडते आणि आटोक्यातला आजार उलटतो. ॲप ठेवायचे असेल तर ‘दुखण्याची गोळी घेतली का?’ हा प्रश्न त्यात पहिला असावा. वैशाखाच्या उन्हात लघवीची गोळी घेणाऱ्याचे वजन झपाट्याने उतरून चक्कर येऊ लागली, तर तीही कळवण्याजोगी गोष्ट.

संशोधनाचा कौल एकसुरी नाही. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी फोनवरील स्वयंचलित यंत्रणेला रोज वजन व लक्षणे कळवली. पुन्हा भरती होणे किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. जर्मनीतील २०१८ च्या चाचणीत घरून येणाऱ्या नोंदींवर चोवीस तास डॉक्टर-परिचारिकांची नजर होती. तिथे अचानक भरतीत किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. दोन्ही चाचण्यांत रचनेचे इतरही फरक होते, तरी पलीकडे कोण बसले आहे हा फरक नजरेआड करता येत नाही.

भंडाऱ्याला याचा जवळचा अनुभव रक्तदाबाच्या कामातून मिळाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या २५ जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा यांच्यासह भंडारा होता. या उपक्रमात महाराष्ट्र व पंजाबात ‘सिंपल’ हे ॲप वापरले गेले. कर्मचारी रुग्णाच्या कार्डावरील क्यूआर कोड स्कॅन करून रक्तदाब व गोळ्या नोंदवतो. तारीख चुकवणाऱ्यांची यादी ॲप काढते आणि त्यांना फोन जातो. २०२२ मध्ये उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. हे ॲप कर्मचाऱ्याच्या हातातले आहे, हृदयविफलतेसाठीचे नाही. पण खेड्यासाठी हाच नमुना जास्त कामाचा. घरातला स्मार्टफोन बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या खिशात असतो, आणि तो कामावर गेला की आजीचे वजन नोंदवायचे राहते. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज आकडा लिहून आठवड्याला त्याचा फोटो आशाताईंना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवणे सोपे पडते. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलताना हाच फोटो समोर ठेवता येतो.

बसल्या जागी दम लागत असेल, आडवे पडता येत नसेल, गुलाबी फेस येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर ॲप उघडण्यात वेळ घालवू नका. आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला टेकून बसते करा.